पुढं जाऊ नका

सहा सिनेमांत मी एकच वाक्य बोलले आहे.
पुढं जाऊ नका.
गाडीत बहुतेक पाचजण. एक हसणारा, एक तोंड दाबून हसणारा,
एक मुलगी, जिला आधीच काहीतरी कळलंय,
आणि दोघं, ज्यांची नावं मरेपर्यंत नीट कळत नाहीत.
मी टाकीत नळी खोचते. पंपात थेंब नसतो.
काच पुसते, वाकते, सांगते.
कोण ऐकतंय.

रोदोपीच्या डोंगरातला हा पंप माझ्या नवऱ्यानं घातला.
तो गेला, मग गिऱ्हाइकं गेली,
मग परदेशातून सिनेमावाले आले.
जंगल स्वस्त, धुकं फुकट,
आणि माझं तोंड. दिग्दर्शक म्हणाला, हिला मेकअप नको.
मी ते कौतुक समजले. रात्री आरसा बघितला.

रक्त बिटाच्या रसाचं, साखरेच्या पाकात घोटलेलं.
गांधीलमाश्या धावून येतात
आणि प्रेतं उठून पळत सुटतात.
एकदा दान्कोच्या बकरीनं रबरी हात पळवला,
अर्धा दिवस शूटिंग बंद.
त्या दिवशी अख्खं गाव हसलं,
म्हणजे आम्ही अकराजण.

एक गोष्ट मात्र कुणी त्यांना सांगितली नाही.
आमच्याकडे मान आडवी हलवली तर हो.
वर झटकली तर नाही.
दिग्दर्शक ओरडायचा, त्स्वेताना, मानेनंही नाही म्हण,
आणि स्वतःची हलवून दाखवायचा, इकडून तिकडं.
मीही हलवायची.
तोंडानं, जाऊ नका.
मानेनं, जा, जा लेकरांनो.
सहाही वेळा.
कुठल्या कुठल्या पडद्यांवर अजून तशीच हलत असेल.

ल्युबेन त्यांच्या गाड्या चालवायचा.
त्यांची भाषा शिकला, त्यांच्यासारखं हसायला,
त्यांच्यासारखी मान हलवायला.
तिसऱ्या सिनेमाचे दिवे उतरवत होते तेव्हा म्हणाला,
आई, जाऊ यांच्याबरोबर?
ओरडून ओरडून माझा घसा बसलेला.
मी मान वर झटकली. दोनदा.
तो क्षणभर बघत राहिला
आणि त्यानं ती त्यांच्या हिशेबानं वाचली.
माझं नाही, हो म्हणून खिशात घातलं.
त्याला कळलं नाही, असं मी म्हणणार नाही.
माझ्याच पोटचा.

पैसे येतात. फोन येतो, सणाला.
म्हणतो, इथं तुझा सिनेमा लागला होता,
तू बोललीस की लोक टाळ्या वाजवतात.

गाडी वळणाआड गेली की कॅमेरा तिच्यामागं जातो.
पंपावरच्या बाईला कुणी मारत नाही.
तेवढीही तसदी कुणी घेत नाही.
ती फडकं पिळते, वाळत घालते.

परवा रविवारी एक खरी गाडी आली.
नवरा-बायको, मागं दोन पोरं, टपावर तंबू.
पुढं वाट चांगली आहे, झऱ्याचं पाणी गोड आहे,
एवढंच सांगणार होते मी,
तर बाईनं मला ओळखलं.
किंचाळली, मग खूप हसली, फोटो काढला.
म्हणा ना ते, म्हणाली.
म्हटलं.
मान कशी हलवावी ते सुचेना, ताठ धरून ठेवली.

चौघं गेले. मी मोजले होते.
अंधार पडल्यावर पंपाचा बल्ब लावला,
विजेचं बिल मनातल्या मनात बाजूला सारून.
साडेनऊला वळणावर उजेड हलला.
पोरं झोपलेली, ओठ रानफळांनी निळे.
बाईनं काचेतून हात केला.
एक, दोन, तीन, चार.

बल्ब मी तसाच ठेवला.